करंगळीची खाच

३ मार्च

धाकटे,

आशीर्वाद शेवटी लिहीन म्हणतेय. आधी भांडण उरकून घेऊ.

हातात फोन असताना ही बाई पत्रं कसली लिहीत बसली, असं वाटेल तुला. तर ऐक. फोनवर तू मला एकटी सापडतच नाहीस. मी विचारते, "जेवलीस का?" तर तुझ्या खांद्यामागून तुझी ती तिकडची जोडीदारीण, ती लांबडी, हात हलवते. मी विचारते, "थंडी फार आहे का?" तर ती दात दाखवते. मला माझ्या जावेशी दोन शब्द बोलायचेत, त्यात हिचं काय काम? तिला आपली भाषा कळत नाही, मान्य. पण चेहरा तर कळतो. आणि माझा चेहरा म्हणजे झाकण न बसणारा डबा, आतलं सगळं बाहेर सांडतं.

पत्राला चेहरा नसतो, ते बरं.

इकडचं ठीक. भाऊजी दोन्ही वेळा आमच्याकडेच जेवतात. बायको परदेशी गेलेला माणूस जरा तरी उतरलेला दिसावा ना? छे! ताट चाटूनपुसून खातात आणि वर ह्यांच्याबरोबर पत्ते कुटत बसतात. काल म्हणाले, "वहिनी, ती खूश आहे तिकडे. आपल्याला आणखी काय हवं?" मी भांडी जरा जोरात आदळली. नवरा असून त्यांना काही नाही, आणि जाऊ असून पोटात माझ्या दुखतंय! 'जावा-जावा, उभा दावा' म्हणणाऱ्यांनी आपल्याला पाहिलं नव्हतं. एकाच बाहुल्याला, आपल्या अप्पांना, दोघींनी धरून आपण अर्धी हयात काढली.

संस्थेतली ती पोर येऊन गेली. दोन देशांतल्या कलावंतांची जोडी लावायची, त्यांना राहायला खोली आणि कामाला जागा द्यायची, आणि म्हणायचं, करा आता काहीतरी मिळून. असं त्यांचं काम. चांगलंच आहे, मी कुठं वाईट म्हणते? बिचारी माझी समजूत घालायला आली होती. "मावशी, इथून एकाच कलावंताला पाठवता येत होतं. त्यांना तिकडची भाषा थोडी येते म्हणून... पण तुमच्याही नावाचा विचार झाला होता." विचार झाला होता! मुलगी बघून नकार कळवणारेसुद्धा असंच गोड बोलतात.

मला वाईट वाटलेलं नाही. एवढं ध्यानात ठेव.

अप्पा खुंटीला आहेत. काल हात मोकळे होते म्हणून त्यांना काढलं आणि टेबलावर चालवून पाहिलं. एकटीनं. मान माझी, ती ताठ होती. पण पाय तुझे ना! ते मागून फरफटत आले, झिंगलेल्या माणसासारखे. ह्यांनी रंधा मारायचा थांबवून पाहिलं आणि विचारलं, "काय झालं अप्पांना?"

म्हटलं, "पाय परदेशी गेलेत त्यांचे."

आशीर्वाद राहिला. कागद संपला.

थोरली


१९ मार्च

धाकटे,

भाऊजींच्या फोनवर तुमच्या तालमीचा व्हिडिओ पाहिला. त्यांनी कौतुकानं दाखवला, मी कौतुकानं पाहिला. पुन्हा दाखवा म्हटलं. मग पुन्हा. शेवटी म्हणाले, "वहिनी, फोन गरम झालाय."

जागा छान आहे हं तुमची. एवढ्या मोठ्या खिडक्या, लाकडी जमीन, भिंतीला टेकवलेल्या शिड्या. आपण इथे ह्यांच्या सुतारकामाच्या खोलीत भुशात बसून अप्पांचा जन्म केला. ह्यांचा भुसा, माझा कागदाचा लगदा, आणि डोळ्यांना तुझ्या जुन्या कोटाची बटणं. अजून अप्पा हसले की डाव्या कानातून भुसा गळतो. तिचा तो तारेचा माणूसही वाईट नाही. छत्रीच्या काड्या आणि सायकलची साखळी, होय ना? बाहुला आहे की भंगारवाल्याचा जावई, इतकंच मला कळेना.

पण ते जाऊ दे. मी तिसऱ्यांदा पाहिलं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी.

तू श्वास घेतलास.

'सूं' असा, नाकानं. आणि लांबडीनं त्या श्वासावर पाऊल उचललं.

धाकटे, तो श्वास कुठून आला, विसरलीस? त्या शाळेच्या व्हरांड्यात मला सर्दी झाली होती. नाक ओढलं की माझ्याकडची मान आपसूक वर जायची. तू खाली पाय धरून बसलेली, तुला कळायला लागलं की ताईंनी नाक ओढलं, आता अप्पा निघाले. त्या दिवशी अप्पा पहिल्यांदा माणसासारखे चालले. सर्दी गेली, पण श्वास राहिला. ना आपल्याला कुणी गुरू, ना शाळा. जे सापडलं ते आपल्या नाकातून सापडलं, म्हण. ते तू तिला देऊन टाकलंस? मला न विचारता? शेजारणीला विरजण द्यावं तसं?

आणि आणखी एक पाहिलं. त्या तारेच्या माणसाची मान तुझ्याकडे होती. पाय तिच्याकडे.

म्हणजे निघताना बोललीस ते खरं करून दाखवलंस. गाडी दारात उभी, शेजारपाजारचे निरोपाला जमलेले, आणि तू म्हणालीस, "ताई, इतकी वर्षं तुम्ही मला पायच दिलेत. मान कधी दिली नाहीत." आणि गाडीत बसलीस. मी हात हलवत राहिले. लोकांना वाटलं, गहिवरले.

अगं, दिली नाही कशी? एकदा दिली होती ना. अर्ध्या खेळात तुझा हात भरून आला, बोटं सुजली. अप्पांची मान लटपटायला लागली आणि पोरं हसली. तूच म्हणालीस, "घ्या ताई, तुमची तुम्हाला." मी काय करू? मान सगळ्यांच्या हातात बसत नाही. पाहुण्यांना तर तूच हसून सांगायचीस, "थोरल्या जावेचे पाय धरायला नकोत, म्हणून बाहुल्याचे धरले!" तेव्हा हसायचीस. मला काय ठाऊक आत काय शिजतंय.

आज आशीर्वाद देण्याच्या मनःस्थितीत नाही.

थोरली


८ एप्रिल

धाकटे,

पत्र मिळालं. चार पानं लिहिलीस, बरं वाटलं. त्यातली साडेतीन लांबडीवर, तेही असो.

आता तुझ्या मागणीबद्दल. अप्पांना पाठवता येणार नाही. त्यांना सर्दी झाली आहे.

हसू नकोस. उंदरानं कान कुरतडलाय त्यांचा. उजवा. मानेचा सांधाही ढिला झालाय. अशा अवस्थेत म्हाताऱ्या माणसाला एवढा प्रवास कोण करायला लावतं?

तुमचा खेळ मला समजला. अप्पा एका फाटकाशी येतात, पलीकडे जायचं असतं. तारेचा माणूस फाटकावर पहारा करतो. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. चांगली कल्पना आहे. माझी नाही, तरी चांगली आहे. पण पुढे तू लिहितेस, 'ताई, गंमत अशी की आम्ही बाहुल्यांची अदलाबदल करणार. तिचा मी धरणार, आपले अप्पा ती धरणार. मान तिच्याकडे.'

यात गंमत कुठली, ते मला समजलं नाही. अप्पांची मान मी घडवली. नाक तीनदा मोडून पुन्हा लावलं, मिशा माझ्या वेणीच्या केसांच्या. आणि ही बाई येणार, आयत्या पिठावर रेघोट्या ओढणार? तिला म्हणावं, तुझा तारेचा माणूस तू संभाळ, आमचा म्हातारा आम्ही संभाळतो.

आणि 'आपले अप्पा' लिहितेस त्यात 'आपले' म्हणजे कोण कोण, तेही एकदा कळव. हल्ली माणसं वाढलीत.

हे म्हणतात, कडक लिहू नकोस. हे कडक नाही. कडक मी तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, ते फाडलं.

थोरली


२६ एप्रिल

धाकटे,

भाऊजींच्या तोंडात तीळ भिजत नाही. अप्पांचा फोटो त्यांनी तुला पाठवला, दोन्ही कान शाबूत असलेला. तू मला एका शब्दानं बोलली नाहीस. नुसतं लिहिलंस, 'अप्पांची सर्दी बरी झाली असेल तर पाठवा.' त्यापेक्षा भांडली असतीस तर बरं होतं.

पाठवतेय. काल संस्थेतली पोर खोकं घेऊन आली होती. मोठी कामाची मुलगी. पेटीवर काय लिहायचं, यावर आमची जुंपली.

"मावशी, सीमेवर विचारतील आत काय आहे. खेळणं लिहू की कलावस्तू?"

"माणूस लिहा."

"माणूस लिहिलं तर पोलीस येतील हो!"

"येऊ देत. अप्पा बोलतील त्यांच्याशी."

ती हसली, हे हसले, भाऊजी तर टेबलावर हात आपटून हसले. मी अप्पांना तुझ्या जुन्या शालीत गुंडाळत होते. ती तू नेली नाहीस. तिकडच्या थंडीला ती पुरली नसती, हे मलाही समजतं.

एक गोष्ट सांगून टाकते. खोकं बंद करायच्या आधी ह्यांनी अप्पांच्या मानेमागची दांडी हातात धरून पाहिली. माझी करंगळी लहानपणी दारात चेंगरून वाकडी झालेली, ती नीट बसावी म्हणून ह्यांनीच त्या दांडीला आत खाच पाडून दिली होती, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. ती आता माझ्या हातानं झिजून अजून खोल गेली आहे. हे म्हणाले, "दुसऱ्याच्या हाताला टोचेल ही. फिरकीची तर आहे, काढतो आणि नवी साधी लावतो. घडीभराचं काम."

मी म्हटलं, "राहू द्या."

"अगं, त्या बाईची बोटं सरळ असतील."

"हातात कला असली की कुठलीही मान बसते."

त्यांनी कानस पुन्हा खणात ठेवली. आमच्या संसारात ते गप्प बसले की मी चुकलेली असते, हा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. तरी मी खोक्याला चिकटपट्टी लावली.

कळू दे लांबडीलाही, मान म्हणजे काय असते.

थोरली


१५ मे

धाकटे,

अप्पा पोचले, वाचलं. सीमेवर त्यांना दोन दिवस अडवून ठेवलं होतं आणि खोकं उघडल्यावर तिथला अधिकारी दचकला, हे वाचून हे खोकला येईपर्यंत हसले. मीही हसले. मग तुझं पुढचं पान वाचलं.

वर्षभर आणखी. दोघींनी मिळून गावोगावी, देशोदेशी खेळ करायचे. संस्था जबाबदारी घेते. भाऊजींची हरकत नाही. आणि तू लिहितेस, 'ताई, तुम्ही नको म्हणालात तर मी परत येईन. तुमच्या होकाराशिवाय सही करणार नाही.'

फासा माझ्या हातात दिलास होय? तूच निघून गेली असतीस तर मी तुला आयुष्यभर बोल लावले असते आणि सुखानं जगले असते. आता हो म्हटलं तर मी एकटी, आणि नको म्हटलं तर तू परत येशील, इथे बसशील, पाय धरशील. पण एकदा मान धरलेला हात तो, मला आता त्याची भीती वाटते.

खुंटी रिकामी दिसते म्हणून तिथे पिशवी अडकवली. तीही अप्पांसारखी वाटायला लागली, म्हणून काढली.

आज उत्तर मागू नकोस. तुमचा खेळ होऊ दे. संस्थेच्या कचेरीत पडद्यावर दाखवणार आहेत म्हणे. बघते.

थोरली


२ जून

धाकटे,

काल पाहिला.

आम्ही तिघं गेलो. ह्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, भाऊजींनी अत्तर लावलं होतं. जणू पडद्यातून वास येणार आहे तुला! पोरीनं खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. मला मधली दिली. मी मनाशी ठरवूनच बसले होते: लांबडीच्या हातात मान लटपटणार, लोक हसणार, आणि मी वरकरणी हळहळणार. खोटं कशाला लिहू? 'अरेरे' कसं म्हणायचं तेही ठरवलं होतं.

फाटक दिसलं. तारेचा माणूस तुझ्या हातात खडखडत उभा राहिला. आणि बाकावर अप्पा, मान खाली घालून बसलेले. किती वेळ बसवून ठेवलंत गं त्यांना! माझा जीव वरखाली. आता उठवा, आता उठवा. इथेच, बाई, इथेच... आणि माझ्या नकळत मी नाकानं श्वास घेतला. सूं.

त्याच क्षणाला अप्पांनी मान वर केली.

शेजारची पोर वाकून म्हणाली, "मावशी, सर्दी झाली का? पंखा कमी करू?"

मी हातानंच नको म्हटलं. अंगावर काटा आला होता. तुला वाटेल, ताई विरघळल्या. नाही. पहिल्यांदा राग आला. माझा श्वास इतक्या दूर, परक्या बाईच्या नाकात, आणि तोही बरोबर! चुकली असती तर मला जड गेलं नसतं. ती चुकली नाही. मान हळू वळवली, मध्ये थांबली, तारेच्या माणसाकडे असं पाहिलं की भाऊजी म्हणाले, "अप्पा रागावलेत." रागावलेच होते.

मग जवळून दाखवलं, तेव्हा तिचा हात दिसला. करंगळीला पांढरी पट्टी. मला वाटलं, लागलं असेल. शेवटी तुम्ही दोघी पुढे येऊन वाकलात, तर तिची करंगळी सरळच होईना. तू सगळ्या लोकांसमोर तिचा हात हातात घेतलास आणि ती पट्टी उलगडलीस. करंगळी तिनं दुमडून बांधून घेतली होती. माझ्या करंगळीसारखी. खाचेत बसावी म्हणून.

हे माझ्याकडे पाहत होते. मी पडद्याकडे पाहत होते. पडदा केव्हाच पांढरा झाला होता.

घरी आलो. दारात चपला काढताना हे म्हणाले, "तिनं दांडी बदलून घेतली असती. तिथेही कानस असेलच की."

"हो ना."

"स्वतःचं बोट बांधून घेतलं." मग थोडं थांबून, "धाकटीनं नव्हतं बांधलं."

"तिला कुठं ठाऊक होतं," मी म्हटलं, "की बोटाचा दोष नाही, दांडीचा आहे." आणि ते वाक्य माझ्याच तोंडून ऐकून मी तिथेच पायरीवर बसले. तुझी सुजलेली बोटं मला दिसली. पोरं हसली ते दिसलं. तू मान परत दिलीस आणि मी ती किती पटकन घेतली, तेही दिसलं. पुढचं लिहीत नाही. तू हुशार आहेस.

आता कामाचं. नीट वाच.

एक. अप्पांच्या मानेमागची दांडी उलटी फिरव, निघेल. ती मला परत धाड. ती कुणाला द्यायची नाही, लांबडीला नाही, तुलाही नाही. अप्पा तिच्यावाचून चालतील. पण मी माझी करंगळी दुसरीकडे कुठं ठेवू?

दुसरं. ओल्या मातीचा गोळा घे. मुठीत धर, जशी अप्पांची मान धरशील तसा. घट्ट नको, अप्पांना गुदमरतं. तसाच वाळव आणि कापसात गुंडाळून त्याच खोक्यातून पाठव. हे त्यावरून नवी दांडी कोरून देतील; लाकूड कालच काढून ठेवलंय. मी म्हटलं, "घडीभराचं काम ना?" तर म्हणतात, "नाही, हे नीट करायचं आहे."

आणि नीट ऐक, मूठ तुझी हवी. लांबडीची पाठवू नकोस, मी ओळखीन. अप्पांची मान आजपासून तुझ्याकडे. तिनं ती बोट बांधून धरली, तिचे उपकार मी मानते, दातओठ खाऊन का होईना मानते. पण पाय तिला धरू देत. उंच आहे, तिला वाकावं लागेल. वाकू दे.

सही कर. वर्षभर फीर. जिथे जाशील तिथे अप्पांना भिंतीकडे तोंड करून टांगू नकोस, त्यांना आवडत नाही.

परत आलीस की पाय मी धरीन. पाहुण्यांना काय सांगायचं तेही ठरवून ठेवलंय: "धाकट्या जावेचे पाय धरायला नकोत, म्हणून बाहुल्याचे धरले." तेव्हा तू हस. यावेळी खरं हस. आणि श्वास तू घ्यायचा. मला ऐकू कमी येतं आताशा, जरा जोरात घे.

सुंभ जळतो, पीळ जात नाही, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणते.

राहता राहिला आशीर्वाद. पहिल्या पत्रापासून थकवलाय, आता सगळा एकदम घे. तुझ्या हाताला यश येवो. दोन्ही हातांना.

तुझी,
थोरली

ता. क. लांबडीच्या करंगळीला कोमट तेल चोळायला सांग. तिची ती चोळेल, तू चोळून देऊ नकोस.